नावं घातलेल्या खुर्च्या

राजेश्वरीचं वर्गणीचं पावतीपुस्तक संपलं, ही बातमी शारदाला तिच्याच मुलीनं, वैदेहीनं दिली. तीही जेवताना, हसत हसत.

“आई, काकूंचं दुसरं पुस्तकसुद्धा संपत आलंय. तुझ्या किती पावत्या फाटल्या?”

“चौदा,” शारदा म्हणाली.

पन्नासातल्या चौदा. त्यातल्याही दोन तिनं स्वतःच्या आणि नवऱ्याच्या नावानं फाडल्या होत्या, पण ते तिनं सांगितलं नाही. न विचारता वैदेहीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

“अगं, बास की. काकूंकडं धपाटे खाऊन आलेय मी.”

शारदानं ती भाकरी उचलून परत टोपल्यात ठेवली. राघवेंद्र, तिचा नवरा, तहसील कचेरीतून नुकताच निवृत्त झाला होता. अठ्ठावीस वर्षं फायली वाचून माणसाचा चेहरा वाचायची त्याची सवय मोडली होती. तो म्हणाला, “पण राजेश्वरीबाईंनी कमाल केली हं. मानलं पाहिजे.”

“माना की,” शारदा म्हणाली, “मी कुठं नको म्हणते?”

उमरग्याच्या नगर वाचनालयात शारदा बावीस वर्षांपासून ग्रंथपाल होती. पगार म्हणजे नावाला मानधन. अनुदान आलं की मिळायचं, आणि अनुदान वर्षाकाठी एकदा यायचं. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणी कधी नेलं, कुणी पान दुमडलं आणि कुणी चित्र फाडून घेतलं, हे तिला तोंडपाठ होतं. गावात साहित्य मेळा भरवायचा, ही कल्पना तिचीच. आठ वर्षं ती एका वहीत लिहीत होती: कुठले पाहुणे बोलवायचे, कविता सकाळी ठेवायच्या की दुपारी, पोरांसाठी काय करायचं. तिचं एक गाऱ्हाणं होतं. हैदराबादला आणि सोलापूरला जाणारे नावाजलेले लेखक हायवेनं आपल्या दारावरून जातात आणि फक्त चहाला थांबतात. एक दिवस त्यांनी आपल्या गावात बसावं, एवढंच तिचं म्हणणं.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत तिनं विषय काढला, तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष रेवणसिद्ध अप्पा, आडत दुकानवाले, कानातला अत्तराचा फाया चाचपत म्हणाले, “बाई, समदं झकास हाय. पैसा कुठनं आणायचा?”

“मी आणते,” शारदा म्हणाली.

अकरा माणसांसमोर म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं असा शब्द टाकला होता. आठ वर्षं वहीत असलेला मेळा आता तिचा म्हणून उभा राहणार होता, नाहीतर तिच्याच तोंडावर पडणार होता. तिला तो उभा करायचा होता, आणि गावानं म्हणायला हवं होतं की हा शारदाताईंनी केला. यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “ताई एकट्या किती फिरतील? मी बी हाय की.”

ती राजेश्वरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिनं वाचनालयाची पायरी पाहिली नव्हती. तिचा नवरा रणधीर तीन ट्रकांचा मालक. एके दिवशी जेवून उठताना छातीत कळ आली आणि गेला. वय सत्तेचाळीस. लोकांना वाटलं ट्रक विकले जातील. राजेश्वरीनं डोक्यावरचा पदर खोचला आणि धंदा चालवायला घेतला. सांज घरात खायला उठते म्हणून ती वाचनालयात कादंबऱ्या न्यायला लागली. पहिल्या कादंबऱ्या शारदानंच तिला निवडून दिल्या होत्या. हे शारदाला आता राहून राहून आठवायचं.

निधी जमवायची शारदाची एक पद्धत होती. दीड पानांचं निवेदन तिनं स्वतः लिहिलं होतं, एकही शब्द खोडावा लागला नव्हता. ते घेऊन ती दवाखान्यांत, बँकांत, शाळांत जायची, खुर्चीच्या टोकावर बसायची आणि वाचनसंस्कृतीविषयी बोलायची. डॉक्टर म्हणायचे, “फारच छान. ठेवून जा.” मग ती ठेवून यायची. आठ दिवसांनी परत गेली की कंपाउंडर विचारायचा, “कसलं निवेदन?”

राजेश्वरीकडं निवेदन नव्हतंच. टायरवाले, पेट्रोल पंपवाले, ढाबेवाले, वजनकाट्यावरची माणसं, सगळे तिच्या ओळखीचे. ती गेली की आधी सुनेच्या बाळंतपणाची चौकशी, मग म्हशीची, मग, “काढा पाचशे. पोरांला चार लिहिणारी माणसं बघू द्या जित्ती.” वेळ अमावस्येला तर तिनं कहर केला. येळवसेला सगळा तालुका रानात असतो, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा होते, आणि त्या दिवशी दारी, म्हणजे बांधावर आलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही. राजेश्वरी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तेवीस शेतं फिरली, तेवीस ठिकाणी पालेभाज्यांची भज्जी चाखली, आंबील प्याली आणि तेवीस पावत्या फाडल्या. तिला स्कूटीवरून फिरवत होती वैदेही.

शारदानं घरी केलेली भज्जी त्या दिवशी तशीच राहिली.

पैशांचं एक वेळ सोसलं असतं. पण वैदेही! एकोणीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला, कविता करणारी, आणि आईला न दाखवणारी. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत ती स्टेजवर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. चार मिनिटं पोर तोंड उघडं ठेवून उभी होती, वरच्या ओठावर घामाचे थेंब. शेवटी शारदानंच वर जाऊन तिला हाताला धरून खाली आणलं. तेव्हापासून शारदाच्या पोटात ती चार मिनिटं बसली होती. स्नेहसंमेलन आलं की ती म्हणायची, “नको गं, उगाच कशाला?” पोरगी ऐकायची.

आणि राजेश्वरीनं कुठल्याशा ढाब्यावर चहा पिता पिता तिला विचारलं, “वाचती का मेळ्यात तुझी कविता? पयलीच?” वैदेही हो म्हणाली. शारदाला हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“काकूंना वाचून दाखवलीस?”

“हो. त्या रडल्या.”

शारदा मग आतल्या खोलीत जाऊन कपड्यांना इस्त्री करायला लागली. इस्त्री करताना चेहरा खाली असतो, हे बरं असतं.

डिसेंबरच्या शेवटच्या बैठकीत खुर्च्यांचा प्रश्न निघाला. तीनशे खुर्च्या लागणार होत्या आणि मंडपवाल्याचं भाडं ऐकून अप्पा कपाळ चोळत बसले होते. तेव्हा राजेश्वरी म्हणाली, “भाड्यानं कशाला? इकत घिऊ.”

“इकत? मग पावणे जेवणार काय, खुर्च्या?”

“अप्पा, ऐका तर. देवळात पंख्याच्या पात्यावर नाव असतंय का न्हाय? कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा फिराय लागला की नाव दिसत बी न्हाय, तरी लोकं देत्यात. मग खुर्चीवर का न्हाय? हजार रुपय द्या, खुर्चीवर तुमच्या माणसाचं नाव. खुर्ची येती पाचशेला, उरल्यालं मेळ्याला. आन् खुर्च्या वाचनालयाच्या कायमच्या.”

अप्पांनी मांडीवर थाप मारली. “आयला! बाई, तुमी आडत दुकान टाकाय पायजे होतं.”

सगळे हसले. शारदाही ओठांनी हसली. पण तिच्या डोळ्यांसमोर वाचनालयातली सागवानी खुर्ची उभी राहिली होती. एका दिवंगत मुख्याध्यापकांच्या मुलांनी वडिलांच्या नावाची पितळी पट्टी ठोकून ती दिली होती. अकरा वर्षं झाली, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. वाचनालय भरलं की लोक खिडकीत बसून पेपर वाचायचे, पण त्या खुर्चीकडं वळायचे नाहीत. एकानं चुकून छत्री ठेवली होती, ती दुसऱ्यानं उचलून खाली ठेवली. गुरुपौर्णिमेला कुणीतरी तिच्यावर न बोलता फूल ठेवून जायचं. शारदा रोज ती खुर्ची पुसत होती. तीनशे खुर्च्यांचं काय होणार, हे त्या खोलीत एकट्या तिलाच कळत होतं.

तिनं बोलायला तोंड उघडलं. समोर वैदेही इतिवृत्त लिहायला बसली होती. लिहिणं थांबवून ती राजेश्वरीकडं बघत होती. असं बघणं शारदाला ओळखीचं होतं. लहानपणी आई कपाटाच्या वरच्या फळीवरचं पुस्तक हात उंचावून काढायची, तेव्हा ही पोर तिच्याकडं असं बघायची.

शारदानं तोंड मिटलं.

“नाव कुठं घालायचं?” अप्पांनी विचारलं. “पाठीला म्होरून का मागनं?”

मागून घातलं असतं तर निदान काही लोक बसले असते. हेही शारदाला कळलं.

“म्होरून,” राजेश्वरी म्हणाली. “फोटोत दिसलं पायजे. ताई, तुमाला काय वाटतंय?”

“पुढूनच शोभेल,” शारदा म्हणाली.

तीन आठवड्यांत खुर्च्या सरल्या. जी माणसं वाचनसंस्कृतीला शंभर रुपये देत नव्हती, ती आईच्या नावाला हजार काढून देत होती, वर पेढा हातावर ठेवत होती. राजेश्वरी सास्तूरला गेली. तिथं हरणाबाई नावाच्या म्हातारीनं भूकंपात गेलेल्या आपल्या चार माणसांच्या चार खुर्च्या घेतल्या. नातू म्हणाला, “आज्जे, एक घी की.” म्हातारी म्हणाली, “एकाला बसवून तिघांला उभं ठिवू व्हय?”

पेंटरसाठी नावांची यादी करायचं काम शारदाकडं आलं, कारण गावात तिचं अक्षर सगळ्यात सुंदर. तीनशे वेळा तिनं ‘कै.’ लिहिलं. यादीत पहिलं नाव कै. रणधीर. ‘बोहणी स्वतःच्याच नवऱ्याच्या नावानं,’ तिच्या मनात आलं, ‘म्हणजे पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची पण हिचीच.’ आणि तिनं ते नाव बाकीच्या नावांसारखंच, काना-मात्रा न चुकवता लिहिलं.

या तीन आठवड्यांत बोलायला वेळ नव्हता असं नाही. राजेश्वरी दोन दिवसांआड वाचनालयात यायची, टेबलावर हिशेबाची पिशवी ठेवायची, “ताई, पाणी द्या,” म्हणायची. प्रत्येक वेळी शारदा पाणी द्यायची. एकदा तर सागवानी खुर्ची पुसत असतानाच राजेश्वरी आली आणि म्हणाली, “किती झाक खुर्ची हाय ओ. आन् रिकामीच.” शारदा म्हणाली, “हो, जुनी आहे.”

मेळा जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, शाळेच्या मैदानावर. राजेश्वरीच्या ट्रकमधून खुर्च्या आल्या, निळ्या, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नावं. थंडीच्या कोवळ्या उन्हात रांगा लागल्या आणि खरंच सुरेख दिसायला लागल्या. दहा वाजेपर्यंत पाचशे माणूस आलं. अप्पांनी नवा फेटा बांधला होता. पाहुणे कवी सोलापूरहून वेळेवर पोचले. अप्पांनी त्यांना स्टेजवर नेऊन बसवलं.

आणि पाचशे माणूस उभं होतं.

कनातीला लागून, झाडाखाली, शाळेच्या पायऱ्यांवर. मध्ये तीनशे खुर्च्या रिकाम्या. लोक रांगांतून फिरत होते, आपल्या माणसाचं नाव सापडलं की थांबत होते, पदरानं खुर्ची पुसत होते. कुणी कुंकू लावलं, कुणी झेंडूचं फूल ठेवलं. एकानं चहाचा कप आणून बसायच्या जागेवर ठेवला. “अण्णाला लई चहा लागायचा,” तो कुणालातरी सांगत होता. मग नमस्कार करून सगळे मागं सरकत होते, पाय लागू नये म्हणून जपत.

“बसा की ओ मावशी,” स्वयंसेवक विनवत होते.

“मामंजी हायती तिथं,” डोईवरून पदर घेतलेली एक सून म्हणाली. “त्येंच्या नावाला पाठ लावू व्हय? जित्तेपणी कधी त्येंच्याम्होरं बाजंवर बसले न्हाय मी.”

“मग ह्या दुसऱ्या खुर्चीवर बसा.”

“त्ये कुणाचं कोण हाय? दुसऱ्याच्या मयताच्या जाग्यावर बसून इकतचं दुखणं कशाला?”

कॉलेजची चार पोरं बिनधास्त मधल्या रांगेत जाऊन बसली, तर कनातीजवळून एक माणूस ओरडला, “ए, उठ रं! आज्जा हाय माझा!” पोरं अशी उठली जणू खुर्ची तापली होती. तेवढंच थोडं हसू झालं. स्टेजवरचे पाहुणे अप्पांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. अप्पा मान हलवत होते, हो म्हणून का नाही म्हणून, कळत नव्हतं.

राजेश्वरी रांगारांगांतून पळत होती. “बसा, बसा की, असं काय करताय, तुमच्याच माणसाची हाय.” आवाज चढत होता. पदर सुटला होता. शारदा स्टेजच्या पायऱ्यांजवळ उभी राहून हे बघत होती. तीन आठवडे तिनं याच घटकेची वाट बघितली होती. तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. गार, गोड, तहान भागल्यासारखं. ‘फिरा आता तेवीस शेतं,’ ती मनात म्हणाली.

मग तिची नजर वैदेहीवर गेली.

वैदेही स्टेजवर एका कडेला उभी होती. दीपप्रज्वलनानंतर पहिली कविता तिची. हातात घडी केलेला कागद. ती रिकाम्या खुर्च्यांकडं बघत होती, आणि तिचं तोंड जरासं उघडं होतं. वरच्या ओठावर घाम. जानेवारीच्या थंडीत.

शारदाला सातवीतली ती चार मिनिटं पुन्हा समोर दिसली. हे आपण केलं. दुसऱ्या कुणी नाही. आपल्या पोरीला बोलायला आपण तीनशे रिकाम्या खुर्च्या मांडून दिल्या.

काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. ती समोर दिसेल त्या माणसाकडं गेली, ती होती हरणाबाई. म्हातारी आपल्या चार खुर्च्यांपुढं उभी होती, काठीवर दोन्ही हात.

“आज्जी, तुम्ही कुठं बसणार मग? दिवसभर उभ्या राहणार का?”

“उभी कशाला? खाली बसंन की. ह्येंच्या म्होरं.” म्हातारीनं जमिनीकडं बोट केलं. “त्येंला बघू दे वरनं.”

शारदानं तिचा हात दाबला आणि स्टेजच्या पायऱ्या चढली. माईक आधी कधी हातात धरला नव्हता. तो तिनं उलट्या बाजूनं धरला, अप्पांनी सरळ करून दिला.

“ऐका,” ती म्हणाली. आवाज किरटा आला. “या खुर्च्या आपल्या माणसांच्या आहेत. त्यांच्यावर कुणी बसायचं नाही. त्या अशाच मागं नेऊ. ती माणसं मागं खुर्च्यांवर बसतील, आपण त्यांच्या पुढं खाली बसू. घरात बसतो तसं.”

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग हरणाबाई काठी टेकत पुढं आली आणि स्टेजपुढच्या मातीत फतकल घालून बसली.

“आगं थांबा, मातीत नका बसू!” ही राजेश्वरी. तिला बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही. “बालाजी! गाडीतल्या समद्या ताडपत्र्या काढ! पळ!”

ट्रकचा ड्रायव्हर बालाजी पळाला. ताडपत्र्या आल्या, साखरेच्या पोत्यांचा वास असलेल्या. माणसांनी आपापल्या खुर्च्या दोन्ही हातांनी उचलून, जत्रेत देव नेतात तशा सांभाळून मागं नेल्या. पंधरा मिनिटांत पाचशे माणूस खाली बसलं होतं, आणि त्यांच्या मागं निळ्या खुर्च्यांच्या रांगांत फुलं, कुंकू आणि चहाचा तो कप.

वैदेही माईकपुढं आली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीवर ती थांबली. शारदाच्या हातांची बोटं एकमेकांत रुतली. ‘इकडं बघ, वैदू, माझ्याकडं बघ.’ वैदेहीनं मान वर केली, समोरच्या गर्दीत काहीतरी शोधलं, आणि तिला सापडलं. राजेश्वरी पहिल्या ताडपत्रीवर बसली होती आणि पोरीसारखी मान हलवत होती, हं, हं, पुढं. वैदेहीनं तिसरी ओळ म्हटली. मग सगळी कविता, न अडखळता. टाळ्या पडल्या.

शारदानंही वाजवल्या. डोळे भरून आले होते, आणि त्या पाण्यात आनंद किती आणि दुसरं काय किती, हे तिला वेगळं करता आलं नसतं.

पाहुण्यांनी भाषणात तर सांगूनच टाकलं, की त्यांनी पुष्कळ संमेलनं पाहिली, पण गेलेल्या माणसांना खुर्च्या देऊन हयात माणसं जमिनीवर बसलेली त्यांनी कुठं पाहिली नव्हती. ज्या कुणाला ही कल्पना सुचली, त्याला त्यांनी हात जोडले. अप्पांनी लगेच माईक ओढला, “ही समदी आयडिया आमच्या राजेश्वरीबाईंची!”

टाळ्यांचा कडकडाट. राजेश्वरी उठून स्टेजवर आली, माईकजवळ वाकून म्हणाली, “खुर्च्या माझ्या, पण आज इज्जत राखली ती शारदाताईंनी. मेळा बी त्येंचाच. आठ वर्सं त्येंनी सपान बघितलंय. ताई, उभ्या ऱ्हावा.”

शारदा उभी राहिली. पाचशे माणसांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जे हवं होतं ते नेमकं मिळालं होतं, पण ते राजेश्वरीच्या हातून मिळालं होतं. हात जोडताना शारदाला वाटलं, हीसुद्धा वर्गणीच; हिनं मागितली आणि लोकांनी दिली.

संध्याकाळी मैदानावरची गर्दी ओसरली. खुर्च्या वाचनालयात न्यायच्या होत्या. शारदा आणि राजेश्वरी शेवटच्या रांगेतली फुलं वेचून एका टोपलीत गोळा करत होत्या. राजेश्वरीनं मध्येच तिचा हात धरला.

“ताई, तुमी नसता तर आज माझं तोंड काळं झालं असतं. एवढी साधी गोष्ट, आन् मला सुचू ने? तुमचे उपकार न्हाय फिटायचे.”

तिचे डोळे खरे होते. ते शारदाला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

“मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“कुणी बसणार नाही हे. वाचनालयातल्या त्या खुर्चीवर अकरा वर्षांत कुणी बसलेलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा पुढून नाव घाला म्हणाले, तेही मुद्दाम.”

राजेश्वरीनं हात सोडला. “का पर?”

“तुमची फजिती बघायची होती.”

राजेश्वरी समोरच्या खुर्चीवरचं कुंकू बोटानं पुसत राहिली.

“सकाळी गाडीतनं उतरवताना पयली खुर्ची ह्येंचीच हाताला लागली,” ती हळू म्हणाली. “काखंत मारावी का डोस्क्यावर घ्यावी, कळंना. तवाच मनात शंका आली. म्हनलं, आपलंच मन कच्चं हाय, बाकीची बसतील.” तिनं पदरानं नाक पुसलं. “माझी फजिती झाली असती तर झाली असती, ताई. ह्ये गेल्यावर गावानं काय काय म्हनलंय मला, तुमाला काय म्हाईत न्हाय व्हय? त्यातच एक आनखी. पर पोरगी हुभी होती की ओ वर. तुमची पोरगी.”

शारदानं टोपली खाली ठेवली आणि गेटकडं गेली. तिथं वैदेही स्कूटी सुरू करून थांबली होती.

“काकू रडतायत का?” वैदेहीनं विचारलं.

“हो.”

“काय झालं?”

खोटं बोलायला एकच वाक्य लागलं असतं. दमल्या असतील, एवढं. पण शारदानं सगळं सांगितलं. गाडी चालूच होती, म्हणून जरा मोठ्यानं सांगावं लागलं. वैदेही ऐकत राहिली. मग तिनं गाडी बंद केली.

“माझी कविता पहिलीच आहे, हे तुला माहीत होतं.”

“हो.”

“तरी?”

“तेव्हा तू डोळ्यांपुढं नव्हतीस, वैदू. तेव्हा फक्त ती होती.”

वैदेहीनं स्कूटीची चावी काढून आईच्या हातात दिली. “तू जा घरी,” ती म्हणाली आणि मैदानाकडं चालत गेली. मागं वळून बघितलं नाही.

शारदाला स्कूटी चालवता येत नव्हती, हे वैदेहीला माहीत होतं. घर चालत दहा मिनिटांवर. ती चावी मुठीत धरून उभी राहिली. लांबून दिसत होतं: वैदेही राजेश्वरीजवळ गेली, तिच्या हातातली खुर्ची घेतली. दोघी मिळून खुर्च्या रचायला लागल्या. एकीनं उचलायची, दुसरीनं बसवायची. कधीपासून एकत्र काम करत असल्यासारख्या. शारदाच्या मनात तीच जुनी असूया उठली, सकाळी होती तेवढीच, कणभरही कमी नाही. तिला वाटलं होतं, सगळं सांगितल्यावर ती जाईल.

घरी जाता आलं असतं. राघवेंद्रनं चहा ठेवला असता, मेळ्याचं कौतुक केलं असतं.

तिनं चावी कमरेला खोचली आणि मैदानात परत आली. दोघींनी तिला येताना पाहिलं. वैदेहीनं पाठ फिरवली. शारदा दुसऱ्या टोकाच्या रांगेला लागली. बावीस वर्षं वस्तू रचण्यात गेली होती तिची. भराभर एकीवर एक चढवत तिनं दहा खुर्च्यांची चळत केली. चळत झुकली.

“चार-चारच्याच करा,” राजेश्वरी तिकडून म्हणाली. वर बघितलं नाही. “ज्यादा चढवल्या की अडकत्यात. मग निघत न्हाईत.”

शारदानं वरच्या सहा खुर्च्या उतरवल्या, आणि पुन्हा चारपासून सुरुवात केली.